खवणी का बसेना

आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे असतं. ही मंगलची, म्हणजे माझ्या बायकोची व्यवस्था. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवरा वेळेवर घराबाहेर पडावा म्हणून लग्नानंतर वर्षभरातच तिने काटे पुढे सरकवले. ते पुढे आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करायला शिकलो. तिला घड्याळाचं समाधान, मला दुसऱ्या चहाचं समाधान, आणि मी निघायचो तेव्हाच निघायचो.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर त्या घड्याळाचा सेल संपला. मंगलने नवा घातला आणि, नवऱ्याची पन्नाशी झाली, आता तरी सुधारला असेल, अशा भाबड्या समजुतीने वेळ अचूक लावली. मला सांगायचं राहून गेलं. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. शनिवार होता. मी घड्याळाकडे बघितलं, सवयीने पंधरा मिनिटं वजा केली, बशीत दुसरा चहा ओतला, आणि रेवदंड्याला दहाला पोचतो असा शब्द दिलेला माणूस अलिबागहून पावणेदहाला स्कूटरवर बसला. पंधरा मिनिटं म्हणजे तशी काहीच नाहीत. पण शनिवारी सकाळी नागावच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरल्या की पंधरा मिनिटांचा तास होतो. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, शर्ट पाठीला चिकटला होता आणि जिभेवरचा ताबा सुटायच्या बेतात होता. पुढचं सगळं त्या दुसऱ्या चहामुळे घडलं असं मी म्हणतो. मंगल म्हणते, चहाला कशाला दोष देता.

माझं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या नात्यात ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. सासरे शेवटपर्यंत लोकांना "जावई टीव्ही दुरुस्त करतात" असंच सांगायचे. मी आय.टी.आय.चा ड्राफ्ट्समन. बोर्डावर पेन्सिलीने नकाशे काढायला शिकलो, आणि शिकून बाहेर पडतो तोवर बोर्ड अडगळीत गेले आणि नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले. मग ते शिकलो. मग लक्षात आलं की नकाशे काढणाऱ्यापेक्षा, नकाशे काढणाऱ्यांचं सॉफ्टवेअर अडलं की ते सोडवून देणाऱ्याला जास्त बोलावणी येतात. तेव्हापासून उरणपासून दिवेआगरपर्यंत आर्किटेक्ट, सर्व्हेवाले, लोखंडी कामाची वर्कशॉप, होड्या बांधणारे, कुणाचंही ड्रॉइंग अडलं की मी स्कूटरला किक मारतो.

त्यातही माझी खासियत म्हणजे प्लगिन. प्लगिन म्हणजे काय हे मी गिऱ्हाइकाला विळीवरून समजावतो. ड्रॉइंगचं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे विळी. भाजी चिरा, मासे कापा, सगळं होतं. पण नारळ खवायचा तर विळीच्या टोकाला खवणी लागते. विळी एकाकडून घेतली आणि खवणी दुसऱ्या लोहाराकडून करून आणली, तर कधी ती बसते, कधी नाही. बसली नाही तर विळी मोडत नाही हो, चिरणं चालूच राहतं. फक्त नारळ हातात धरून बसायची वेळ येते. प्लगिनचं तसंच. सॉफ्टवेअर उघडतं, रेषा निघतात, आणि ज्या एका कामासाठी सकाळपासून बसलोय त्याचीच बटणं गायब. वर एक चौकट येते: "लोड होऊ शकलं नाही." का, ते लिहिलेलं नसतं. कारण सांगणारी चौकट मी इतक्या वर्षांत पाहिलेली नाही; ती असती तर माझं घर चाललं नसतं.

कारणं मात्र ठरलेली. सॉफ्टवेअर नवं आणि प्लगिन जुन्याचं. नाही तर प्लगिन चुकीच्या फोल्डरमध्ये. दिवेआगरच्या एका आर्किटेक्टने प्लगिन मित्राकडून व्हॉट्सॲपवर मागवलं होतं. बाहेरून आलेली फाइल म्हणून कॉम्प्युटरने तिला दारातच उभं केलं होतं आणि हे महाशय तीन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते. मी उजवं बटण दाबून एका चौकोनात बरोबरची खूण केली, अर्ध्या मिनिटात काम झालं. मग एवढ्या लांब येऊन अर्ध्या मिनिटात कसं निघायचं म्हणून उगाच दहा मिनिटं स्क्रीनकडे कपाळाला आठ्या घालून बघत बसलो. त्यांनी खूश होऊन दोन शहाळी दिली. आठ्यांना आमच्या धंद्यात किंमत आहे.

आणि आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. कारण सापडेना की ते आपोआप तोंडात येतं: "कुणीतरी हात लावल्याशिवाय असं होत नाही." बोलायला सोपं, खोटं ठरायची भीती नाही, आणि आपल्याला विचार करायला थोडा वेळ मिळतो. उरणला एका सर्व्हेच्या ऑफिसात मी ते वाक्य टाकलं होतं. सगळ्यांनी कोपऱ्यातल्या एका गरीब माणसाकडे बघितलं. तासाभराने कळलं की प्लगिन व्हायरसवाल्या सॉफ्टवेअरने गिळलं होतं. ते मी सांगितलंही, पण तोवर साहेब जेवायला गेले होते. त्या माणसाकडे लोकांचं बघणं नंतर थांबलं की नाही, हे मी विचारलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा त्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी होता. बदली झाली असेल. असेलच.

तर रेवदंडा. खाडीच्या कडेला नानांची होड्या बांधायची शेड आहे. नाना तरुणपणी तांडेल होते, स्वतः होडी घेऊन समुद्रात जायचे. गुडघे बोलायला लागल्यावर किनाऱ्यावर आले आणि होड्या बांधायला लागले. त्यांचा काशिनाथ मेस्त्री वयाने त्यांच्याएवढाच. तो कागद बघत नाही. लाकडाकडे बघतो, एक डोळा मिटतो आणि कोळशाने रेघ मारतो. त्या दोघांच्या राज्यात कॉम्प्युटर आणला तो नानांच्या सुनेने, सुप्रियाने. ती उरणची, डिप्लोमा केलेली. लग्नाआधी कंटेनर दुरुस्तीच्या एका कंपनीत ड्रॉइंग करायची. नवरा मोठ्या जहाजावर, सहा महिने घरी नाही. तिने शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची केबिन करून घेतली आणि होडीचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायला लागली.

तिच्या कामाची खवणी म्हणजे एक प्लगिन. होडीचं अंग गोलाईदार असतं आणि फळ्या कापायच्या असतात सपाट. द्रोण उलगडला तर त्याचं पान केवढं होईल आणि कडा कुठे वळेल, तसं ते प्लगिन होडीचं अंग उलगडून प्रत्येक फळीचा सपाट आकार काढून देतं. मागची होडी तिने अशीच काढली होती. लाकूड कमी वाया गेलं, फळ्यांचे सांधे जुळले, आणि नाना बंदरावर चार लोकांना सांगत फिरले. मेस्त्री मात्र म्हणाला, "एक होडी जमली म्हंजे विद्या आली असं न्हाय."

आता दुसरी होडी होती, चार सिलिंडरच्या इंजिनाची, आणि शुक्रवारी सकाळी प्लगिन लोड होईना.

मी शेडमध्ये शिरलो, दिसला तो खिळा बघून हेल्मेट अडकवलं आणि घाम पुसतोय तोच नाना खुर्चीतून ओरडले.

"ओ गायकवाड! हेल्मेट काढा तिथनं! पयला कागद हाय तो!"

बघतो तर खांबाला एक कागद ठोकलेला, त्यावर हळद-कुंकू. त्यांच्याकडची पद्धत नंतर कळली. पूर्वी मुहूर्ताच्या दिवशी मेस्त्री फळीवर कोळशाची पहिली रेघ मारायचा. सुप्रिया आल्यापासून तिच्या प्रिंटरमधून निघालेल्या पहिल्या कागदाची पूजा होते आणि होडी पाण्यात जाईपर्यंत तो खांबावर राहतो. आमच्या घरातलं पंचांग आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच बंद झालं. मुहूर्त ह्या विषयात मी तीन पिढ्यांचा अडाणी. मी सॉरी म्हटलं, हेल्मेट उचललं, आणि त्या कागदाकडे पुन्हा ढुंकून बघितलं नाही. तिथेच माझी पहिली संधी गेली.

"ऐका गायकवाड," नाना म्हणाले. "सोमवारी लाकूड करवतीखाली जाणार. तोवर तुमची मशीन चालली तर चालली. न्हायतर मेस्त्री हाय अन् त्याचा डोळा हाय. मंग मशीन माळ्यावर अन् सूनबाई घरात. रोज उठून कुठं हिची मनधरणी करायची?"

मनधरणी मशीनची की सुनेची, ते त्यांनी सांगितलं नाही. सुप्रिया केबिनच्या दारात उभी होती. ऐकत होती.

मी स्क्रीनकडे बघितलं. चौकट: लोड होऊ शकलं नाही. उशीर झालेला, अंगाला चिकटलेला शर्ट, खांबावरून नुकतीच खाल्लेली बोलणी, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी आठ्या घातल्या आणि ते वाक्य टाकलं.

"कुणीतरी हात लावल्याशिवाय असं होत नाही."

मेस्त्रीने विडी तोंडातून काढली आणि सुप्रियाकडे बघितलं. रंधा मारणारे दोघे थांबले आणि त्यांनीही बघितलं. नानांनी बघितलं नाही. ते खाडीकडे बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, सासऱ्याची सभ्यता.

"मी काही नाही केलं काका," सुप्रिया म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळी नीट बंद केला. काल सकाळी नानांनी पहिला कागद मागितला. प्रिंट काढली, त्यांच्या हातात दिली आणि भात लावायला घरात गेले. परत येऊन बघते तर हे."

"अगं, मुद्दाम नाही म्हणत मी. चुकून दाबलं जातं काहीतरी," मी म्हणालो. सांत्वन केल्यासारखं. ते तर आणखी वाईट होतं हे आज कळतं.

मग मी माझं नेहमीचं सगळं केलं. प्लगिन काढलं, पुन्हा घातलं. फोल्डर तपासलं. फाइल दारात अडवलीय का पाहिलं. व्हायरसवालं बंद केलं. सॉफ्टवेअर आणि प्लगिन एकमेकांच्या वयाचे आहेत का बघितलं, होते. सगळं पुसून पुन्हा मांडलं, तीनदा. कंपनीला फोन लावला, शनिवारी तिथे फक्त गाणं वाजतं. दुपारी केबिनमध्ये ताट आलं, भात आणि ताज्या बोंबलांचं कालवण. जेवताना मेस्त्री दारात येऊन विचारून गेला, "साहेब, खडीसाखर ठिवायची काय मशीनपुढं?" मी हसलो. सुप्रिया हसली नाही.

साडेतीनला मी हात टेकले. माझ्याकडे सर्व्हिस रिपोर्टचं पॅड असतं, कार्बन घातलेलं. तारीख, तक्रार, कारण, गिऱ्हाइकाची सही. मी तारीख लिहिली. तक्रार: प्लगिन लोड होत नाही. 'कारण' ह्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. रिकामं सोडायला लाज वाटली. वीस-बावीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस 'कळलं नाही' असं कसं लिहील? मी लिहिलं: वापरणाऱ्याकडून झालेली छेडछाड. आणि पॅड सुप्रियापुढे सरकवलं. "सही कर इथे. सोमवारी कंपनीशी बोलून बघू."

तिने वाचलं. सावकाश, एक एक रकाना. कारणाच्या ओळीपाशी तिची नजर थांबली ते मी पाहिलं आणि मी चार्जरची वायर गुंडाळायला लागलो. आता ही रडणार किंवा भांडणार, असं मला वाटलं. आणि दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी मी काय बोलणार होतो, देव जाणे.

"काका," ती म्हणाली, "तारीख चुकलीय तुमची. आज एकवीस."

"मग मी काय लिहिलंय?"

"तेरा."

मी तेरा लिहिलं होतं, कारण मी तारीख नेहमी स्क्रीनच्या कोपऱ्यातून बघून लिहितो. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्या माणसाला दुसरं पंचांग नसतं. आम्ही दोघांनी एकदमच त्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे तेरा तारीख होती. गेले साडेचार तास माझ्या डोळ्यांपुढे होती.

धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. असली प्लगिनं ठरावीक मुदतीच्या परवान्यावर चालतात. मुदत वाढवायला काही हुशार लोक कॉम्प्युटरची तारीख मागे नेतात. म्हणून प्लगिन सुरू होताना आधी तारीख बघतं. काल एकोणीस होती आणि आज बारा झाली असं दिसलं की ते समजतं, घरात चोर आहे, आणि बाहेर येतच नाही. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. मी ती इतरांना शिकवलेली आहे.

मी तारीख बरोबर केली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, आणि वरच्या पट्टीत ती पाच छोटी बटणं मुकाट्याने येऊन बसली.

सुप्रिया बटणांकडे बघत नव्हती. केबिनच्या खिडकीतून खांबावरच्या कागदाकडे बघत होती. कागदाच्या कोपऱ्यात तारीख छापलेली असते, ती कॉम्प्युटर आपली आपण घालतो. तिथे बारा होती; कागद कालचा, म्हणून एक दिवस मागे. कुंकवाचं बोट बरोब्बर त्या आकड्याशेजारी.

"बारालाच मुहूर्त होता," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी दिवसभर लाइट नव्हती. नारळ फोडला, पण कागद नाही निघाला. नाना आठवडाभर म्हणत होते, कागदावर पण तोच दिवस पायजे." आणि मग, "काल मी यायच्या आधी ते केबिनमध्ये बसले होते. मला वाटलं, थंडी म्हणून."

आता मला नानांचं खाडीकडे बघणं आठवलं.

ती चहा टाकायला घरात गेली. शेडला लागूनच घर आहे. मी मागोमाग गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "सुप्रिया, चुकलं माझं. उगाच बोललो मी तुला. सॉरी." रिपोर्टचा कागद तिच्यासमोर फाडला.

"असू दे काका," ती म्हणाली. "एवढंच करा, नानांना चारचौघांत काही बोलू नका. त्यांनी श्रद्धेनं केलंय."

मी बाहेर आलो. "नाना, झालं चालू."

"काय झालेलं?"

"काही नाही. किरकोळ होतं."

नानांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी हेल्मेटच्या पट्ट्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "बरं." आणि चहा घेऊन आलेल्या सुप्रियाकडे वळले. "सूनबाई, सोमवारचे आकार तेवढे काढून घे, अन् मंग झाकून ठिव तिला. आज चालू, उद्या बंद, ह्या वयात आपल्याला न्हाय झेपत." मेस्त्री म्हणाला, "व्हय. ज्याचं काम त्यानं करावं."

मी हेल्मेट डोक्यावर चढवलं. निघताना नानांनी बोंबलांची पिशवी हँडलला अडकवली. मी पिशवी घेऊन घरी आलो.

मंगल बोंबील साफ करत होती आणि मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगत होतो. मी गोष्ट चांगली सांगतो असं आमच्या घरात मानतात. खांबावरचं हेल्मेट, मेस्त्रीची खडीसाखर, सगळं रंगवून सांगितलं. ती हसली. मग मी जरा विनयाने, माफीही मागून आलो, असं सांगितलं. तिची सुरी थांबली.

"कुठे मागितलीत?"

"म्हणजे?"

"बोललात तेव्हा कोण कोण होतं?"

"नाना, मेस्त्री, दोन कामवाले."

"आणि माफी?"

"स्वयंपाकघरात. ती चहा टाकत होती."

"म्हणजे आरोप अंगणात आणि माफी माजघरात," मंगल म्हणाली. "चांगलं आहे. आमच्या वर्गात एखाद्याला सगळ्यांदेखत चोर ठरवलं आणि मग तो नाही निघाला, तर मी काय त्याला संडासामागे नेऊन सॉरी म्हणते का?"

"अगं, तीच म्हणाली, नानांचं नाव घेऊ नका."

"नानांचं नका घेऊ. स्वतःचं घ्या ना. तुमचं नाव घ्यायला कोणी मना केलंय?"

रविवारी मी म्हटलं, आज रस्त्याला फार गर्दी असेल. मंगल हूं म्हणाली. दुपारी मी म्हटलं, फोन करून सांगितलं तर? ती पेपर तपासत होती. तिने चष्म्यावरून बघितलं आणि एका उत्तरपत्रिकेवर फुली मारली. माझी नसावी, पण मला लागली.

सोमवारी सकाळी मी चहा एकदाच घेतला आणि आठाच्या आत रेवदंड्याला पोचलो. फळी करवतीपाशी आडवी ठेवलेली होती. सुप्रियाने काढलेले आकारांचे कागद एका विटेखाली दाबलेले. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर खरंच जुन्या चादरीचा तुकडा घातलेला होता. ती घराच्या दारात उभी होती, शेडच्या आत नव्हती.

मी हेल्मेट हातातच धरलं.

"नाना," मी म्हणालो, आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, "शनिवारी इथं उभा राहून मी एक वाक्य बोललो. ते परत घ्यायला आलोय."

"वाक्य परत घेतात व्हय?" मेस्त्री म्हणाला. "आमी कापलेली फळी न्हाय परत घेत."

"म्हणून तर कापायच्या आधी आलो, मेस्त्री." आयुष्यात एकदा वेळेवर सुचलं. "सुप्रियाने काही बिघडवलं नव्हतं. कॉम्प्युटरची तारीख मागे गेली होती. स्क्रीनवर दिसत होती. मी साडेचार तास बसलो आणि मला दिसली नाही. दिसली ती तिला. दोष माझा, आणि शोध तिचा. मी मात्र तिच्या नावावर चूक टाकून तिची सही मागत होतो."

रंधेवाल्यांना माझी कीव आली असावी. एकाने खाली पडलेला भुसा पायाने सारखा केला.

"तारीख मागं कशी गेली?" मेस्त्रीने विचारलं.

"जाते कधी कधी," मी म्हणालो. "कॉम्प्युटरच्या आत एक छोटा सेल असतो. तो उतरला की जाते." हे तसं खरं आहे. फक्त इथे खरं नव्हतं.

नाना खांबावरच्या कागदाकडे बघत होते. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि गुडघे सावरत उभे राहिले.

"सेल न्हाय उतरला," ते म्हणाले. "मी मागं नेली."

मेस्त्रीची विडी ओठाला तशीच राहिली.

"होडीवरच्या जीपीएसचा टाइम मी कितींदा फिरवलाय. म्हटलं, ह्यात काय एवढं. त्या कागदावर मुहूर्ताचा दिवस पायजे होता, म्हून फिरवला. अन् परत आणायचा इसरलो. शुक्रवारीच वाटलं होतं मला, आपल्याच हातचं हाय म्हून." मग ते दाराकडे वळले. "अन् तुला कळलं होतं ना गं? शनवारी? मंग बोलली का न्हायस?"

सुप्रिया म्हणाली, "शुक्रवारी तुम्ही कागदाला कुंकू लावत होता, नाना. डोळे मिटून."

नानांनी मान खाली घातली. वर केली तेव्हा आवाज पुन्हा तांडेलाचा झाला होता. "ती चादर काढ त्या मशीनवरची! अन् ये हितं. मेस्त्री, पयली फळी सूनबाईच्या कागदानं. ती म्हणंल तिथं करवत."

"लावतो की," मेस्त्री म्हणाला. फळीवर आकाराचा कागद पसरला, एक डोळा मिटून त्याच्या कडेवर नजर फिरवली आणि मिटलेला डोळा उघडला. मग खांबाकडे बोट केलं. "पण नाना, त्या कागदावरली तारीख आता खरी धरायची का खोटी?"

"दिवस खराच हाय," नाना म्हणाले. "कागदाला उशीर झाला."

करवत सुरू झाली. तिच्या आवाजात सुप्रिया मला काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही. ती आकाराच्या कागदाच्या दोन टोकांवर हात दाबून उभी होती आणि मेस्त्री तिच्या बोटांच्या बेताने कोळशाची रेघ ओढत होता.

ह्या वेळी पिशवीत सुरमई होती. घरी आलो तेव्हा मंगल शाळेत जायच्या गडबडीत, केसांत पिन खोचत होती. मी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सेलची थाप आणि नानांचं उठून उभं राहणंसुद्धा. आणि मग शाबासकीची वाट बघत थांबलो. पन्नाशीचा झाला तरी माणूस थांबतोच.

मंगलने पर्स खांद्याला लावली, स्टूल ओढलं, वर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुन्हा पंधरा मिनिटं पुढे केले, आणि खाली उतरता उतरता म्हणाली, "घड्याळ पुढे ठेवलं काय आणि बरोबर ठेवलं काय, तुम्हाला शहाणपण यायला दोन दिवस लागतातच."